वाफेची विद्या विझण्याआधी

१५ एप्रिल १९९४. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर मार्गावर धावणाऱ्या ‘शकुंतले’चे वाफेचे इंजिन त्या दिवशी सेवेतून उतरले आणि त्याच्या जागी डिझेल आले. १९२१ साली मँचेस्टरला घडलेल्या त्या इंजिनाने सत्तर वर्षे वऱ्हाडातली माणसे ओढली. तेव्हा तिशीत असलेला फायरमन आज साठी ओलांडून गेला आहे. त्याला शिकवणारा मिस्त्री ऐंशीच्या पुढे असेल, कदाचित नसेलही. म्हणून वाफेची विद्या जपण्याचे हे आवाहन आज करायला हवे. दहा वर्षांनी ते ऐकायला जाणकार उरणार नाहीत.

वाफेचे इंजिन कळ दाबून सुरू होत नाही. सकाळच्या गाडीसाठी कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागते. त्यापूर्वी राख ओढायची, नळ्यांतली काजळी झाडायची, सांध्यासांध्यात तेल सोडायचे. बॉयलर सावकाश तापवायचा. घाई केली तर धातू कुठे जास्त, कुठे कमी फुगतो आणि गळती लागते. ठरावीक दिवसांनी वॉशआउट करून आत साचलेला गाळ आणि क्षार धुऊन काढायचे. काचेच्या नळीतल्या पाण्यावरची नजर तर क्षणभरही हलवायची नाही. पाणी भट्टीच्या माथ्याखाली गेले की माथ्यात बसवलेला लेड प्लग वितळतो आणि वाफ थेट भट्टीत शिरते.

हे नियम पुस्तकात सापडतील. पण फावडे कोणत्या कोपऱ्यात रिकामे करायचे, धुराच्या रंगावरून जाळ कसा ओळखायचा, हातोडीच्या ठोक्याला कोणता आवाज आला म्हणजे बोल्ट सैल आहे, हे जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच कळते. ही विद्या हातातून हातात जाते. मधली एक पिढी सुटली की साखळी तुटते.

ती तुटू नये म्हणून सामान्य माणसे काय करू शकतात, हे वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेने दाखवून दिले आहे. पाटीचा दगड वाहणारी ही चिमुकली रेल्वे. १९५० साली तिचे मालक सर हेडन जोन्स वारले आणि ती बंद पडणार हे उघड झाले. त्याच ऑक्टोबरात टॉम रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने बर्मिंगहॅमला सभा भरली आणि १९५१च्या मे महिन्यात स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. तेव्हा चालण्याजोगे इंजिन एकच होते, ‘डॉलगॉख’. बंद पडलेल्या शेजारच्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने त्यांनी विकत घेतली आणि दुरुस्त केली. ‘थॉमस’ इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्रीही तिथे स्वयंसेवक होते. स्वयंसेवकांनी वाचवलेली ती जगातली पहिली रेल्वे, आणि तिथे आजही वाफेची गाडी धावते. अशा वारसा-रेल्वेवर नवखा आधी इंजिन पुसायला शिकतो, मग फायरमन होतो आणि पुढे कधीतरी ड्रायव्हर.

आपल्याकडेही जपण्याजोगे पुष्कळ आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिलेली नेरळ–माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तिच्या मूळच्या चार इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन ब्रिटनमध्ये पोहोचले आणि तिथल्या रेल्वेप्रेमींनी ते सांभाळले. माथेरानच्या इंजिनाची काळजी सातासमुद्रापार वाहिली जाते, मग आपण का मागे राहावे? नागपूरच्या मोतीबाग नॅरोगेज संग्रहालयात इंजिने आहेत. त्या नॅरोगेजची आणि शकुंतलेच्या रुळांची रुंदी एकच, ७६२ मिलिमीटर. बार्शी लाइट रेल्वेच्या आठवणी बाळगणारे कुर्डुवाडीत अजून भेटतील. इंजिने, रूळ आणि जाणती माणसे यांना एकत्र आणणारे हात तेवढे हवे आहेत.

शकुंतलेच्या जागी ब्रॉडगेज हवी, ही विदर्भाची मागणी रास्तच आहे आणि ती पूर्ण व्हावी. पण जुन्या मार्गाचा थोडा तुकडा, एखादे स्थानक आणि एक चालते इंजिन राखल्याने त्या कामाला बाधा येत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांनी ओढली. त्यांतले एकही आज चालताना दिसत नाही. ती चूक पुन्हा होऊ देऊ नका.

निवृत्त ड्रायव्हर, फायरमन, फिटर, बॉयलरवाले काका, तुम्ही महिन्यातला एक रविवार द्या. तुम्हाला जे येते ते दाखवा, ते चित्रित करू द्या. आयटीआय आणि तंत्रनिकेतनाच्या मुलामुलींनो, हातात चिंध्या आणि तेलाची बुधली घ्यायला या. धातू, उष्णता आणि दाब इतक्या जवळून दुसरीकडे शिकायला मिळणार नाहीत. घरात जुना हातकंदील, अवजारे, नियमपुस्तिका किंवा छायाचित्रे असतील तर रद्दीत घालू नका. आणि रेल्वे प्रशासनाला विनंती: जाणत्यांच्या देखरेखीखाली, सुरक्षिततेचे सगळे नियम पाळून स्वयंसेवकांना एका इंजिनावर काम करू द्या. एकाच इंजिनापासून सुरुवात होऊ द्या.

तुमच्या गल्लीत, नात्यात, गावात लोको शेडमध्ये उमर घालवलेले कोणीतरी नक्की आहे. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा, शेजारी बसा आणि विचारा, “काका, भट्टी कशी पेटवायची?”