तोंड तर माझेच होते!

फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांपुढे भांडण घेऊन येणे शिष्टपणाचे नव्हे, हे मला कळते. तरीही येतो, कारण हे भांडण आमच्या सोनाळ्यातल्या एका घरात सुरू झाले, आणि ते तुमच्या घरी केव्हा पोहोचेल याचा नेम नाही.

गेल्या पावसाळ्यात दहावीतला एक मुलगा संध्याकाळी माझ्याकडे आला. मागे त्याची आई, पदराने डोळे टिपीत. पोराने आईला असे काही बोलून टाकले होते की ते येथे छापण्याजोगे नाही. विचारले तर म्हणाला, "गुरुजी, थे मी नाई बोललो. थो बोलला."

थो म्हणजे कोण? मोबाईलवर वाचून, रोज तासभर डोळे मिटून, या मुलाने मनात एक मित्र घडविला होता. त्याला 'तुल्पा' म्हणतात. आपला विचार कोणता आणि मित्राचा कोणता, हे ओळखण्याचे व्यायामही तो शिकला होता. मनात प्रश्न विचारून गप्प बसायचे. उत्तर अनपेक्षित आले तर ते मित्राचे, ओळखीचे आले तर आपले. मित्राला निराळा आवाज द्यायचा आणि त्या आवाजात जे उमटेल ते त्याच्या खाती मांडायचे. खातेवही अशी चोख की आईला दिलेली शिवीदेखील परस्पर दुसऱ्याच्या नावावर पडली!

माझा आक्षेप या खातेवहीवर आहे. एकट्या पडलेल्या जिवाने मनात सोबती जोडला, तर मी त्याला हसणार नाही. मी कादंबऱ्या लिहितो, माझे अर्धे आयुष्य अशाच सोबत्यांत गेले आहे.

शब्द तिबेटी आहे. संस्कृतातील 'निर्मित' या शब्दासाठी तिकडे योजलेला. तो पाश्चात्त्य वाचकांत पसरला तो मुख्यतः अलेक्सांद्रा डेव्हिड-नील या फ्रेंच प्रवासी बाईंच्या 1929 च्या पुस्तकामुळे. बाईंनी ध्यानाने एक गुबगुबीत, हसरा भिक्षू कल्पिला. पुढे तो सांगितल्यावाचून दिसू लागला, वाळला, त्याची मुद्रा कपटी झाली, आणि त्याला विरघळवायला बाईंना सहा महिने लागले. हा सारा भास असू शकेल, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदविले. आपण घडविलेली मूर्ती आपल्याला न विचारता तोंड फिरवते, एवढे यातून घ्यावे.

असे का होते, ते कोणाही मास्तराला समजावे. पोरगा पहिल्यांदा सात नव्वे मोजतो तेव्हा बोटे मोडतो; पाढा मुरला की त्रेसष्ट आपोआप तोंडात येतात. ते त्रेसष्ट कोणी दुसऱ्याने सांगितले, असे आपण म्हणतो काय? मनातल्या माणसाशी रोज तासभर बोलले की त्याचे बोलणेही असेच मुरते. एडिंबरोच्या ग्रंथमहोत्सवात आलेल्या 181 लेखकांना इंग्लंडातील डरहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रश्न विचारले. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 63 टक्के लेखकांनी आपल्या पात्रांचे आवाज ऐकू येतात असे सांगितले. 61 टक्के म्हणाले की पात्रे आपल्या मर्जीने वागतात. म्हणजे अनपेक्षित उत्तर येणे ही परकेपणाची खूण नव्हे; ती सरावाची खूण आहे. त्या मुलाचा पहिला व्यायाम येथेच कोसळतो.

आता माझी कबुली. बारा वर्षांपूर्वी मी एका सावकाराची कादंबरी लिहीत होतो. सावकार मनात मुरला होता. आंघोळ करतानाही त्याचे टोमणे कानी येत. एके दिवशी वही न आणलेल्या एका मुलाला मी भरवर्गात त्याच्या बापाच्या कर्जावरून बोललो. वाक्य सावकाराचे होते, शब्द न् शब्द. मुलगा दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पुढे तो दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचताना दिसला. घरी मी म्हणालो, "अगं, तो सावकार बोलून गेला." आमच्या सौभाग्यवतीने ताट वाढता वाढता विचारले, "सावकार गेला होता का शाळेत? पगार तर तुम्हीच आणता."

त्या प्रश्नाला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

कोणी म्हणेल, आपल्या संतांनीही 'बोलविता धनी वेगळा' हेच सांगितले. सांगितले खरे, पण नीट पाहा. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करावयास सांगितले, असे तुकोबा म्हणतात. कवित्वाचे श्रेय त्यांनी विठ्ठलाला देऊन टाकले. परंतु वह्या इंद्रायणीत बुडाल्या तेव्हा तेरा दिवस उपाशी कोण बसले? परंपरा सांगते, तुकोबाच बसले. श्रेय देवाचे, भोग माझा, हा त्यांचा हिशेब. आम्ही तो उलटा केला. चार ओळी बऱ्या उतरल्या की त्या माझ्या. आईला शिवी दिली की ती त्याची!

ही पळवाट मोबाईलबरोबर आली असेही नाही. अंगात येण्याच्या नावाखाली सुनांना, लेकरांना झोडपून काढल्याच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना भिवविणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. शक्ती कोणाची याचा खल कायदा करीत बसत नाही. भीती कोणी घातली, एवढेच पाहतो.

म्हणून त्या मुलाला मी माझे व्यायाम दिले. पहिला: एका वहीत दोन रकाने काढ, मित्राचे प्रत्येक वाक्य उजवीकडे लिही आणि ते पूर्वी कोठे ऐकले, वाचले, सोसले ते डावीकडे शोध. मी हे केले तेव्हा सावकाराचे निम्मे टोमणे माझ्या काकांचे निघाले. दुसरा: मित्र जे म्हणाला त्याच्या नेमके उलट त्याच्याच आवाजात वदवून पाहा, वदवता आले, तर दोरी तुझ्या हातात आहे. तिसरा: रोज पानाखाली स्वतःची सही कर. दोन्ही रकान्यांखाली एकच सही!

आणि एक ताकीद दिली, ती तुम्हालाही देतो. आवाज थांब म्हटल्याने थांबेना, हुकूम सोडू लागला, झोप-भूक उडाली, तर वही मिटावी आणि डॉक्टर गाठावा. तो दुखणेकरी आहे, अपराधी नव्हे. त्याच्याकडे सही मागू नये. 2022 पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते. मराठीतही बोलता येते.

मुलगा वही लिहितो आहे. आईशी अजून नीट बोलत नाही. पण "थो बोलला" हे वाक्य त्याने सोडले आहे.

वर्गातून गेलेला तो दुसरा मुलगा गेल्या वर्षी आठवडी बाजारात दिसला. आता बाप्या झाला आहे. मी हाक मारली. त्याने थांबून नमस्कार केला, "बरं हाय गुरुजी" म्हणाला आणि पिशवी उचलून चालू लागला. मी ठरवून ठेवलेली क्षमा ओठांतच राहिली. सावकाराला तो ओळखतही नाही. राग धरला असेल, तर तो माझ्यावर धरला असेल. आणि या दिवाळीत त्याच्या दारी जायचे आहे, तेही मलाच.