हार्ड डिस्कची तपासणी : आधी नक्कल, मग निदान

दुकान लहान असो वा मोठे, हिशेब आता संगणकावर आला आहे. किराणा व्यापाऱ्याची उधारी, यंत्रमागवाल्याचा सूत व मजुरीचा हिशेब, कशिदाकाम करणाऱ्या कारागिराच्या नक्षी, हे सारे एका हार्ड डिस्कमध्ये साठवलेले असते. ती निकामी झाली तर कोणाकडून किती येणे आहे हे सांगणारे काही उरत नाही. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. डिस्क बिघडली म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

संगणक संथ झाला, फाइल उघडताना अडखळू लागला की आपले बांधव तपासणीचे सॉफ्टवेअर चालवतात किंवा दुरुस्तीवाल्याकडून चालवून घेतात. पडद्यावर ‘ठीक’ असे उत्तर आले की निश्चिंत होतात. आमचा आक्षेप या निश्चिंतपणाला आहे.

प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवते. त्यातील तीन ओळी व्यापाऱ्याने स्वतः पाहाव्यात. ०५ क्रमांकाच्या ओळीत, खराब झाल्यामुळे बाद करून ज्यांच्या जागी राखीव जागा वापरली गेली अशा भागांची संख्या असते. सी५ मध्ये नीट वाचता न आलेले, पण अद्याप बाद न केलेले भाग मोजलेले असतात. सी६ मध्ये तपासणीत वाचताच न आलेले भाग असतात. या तिन्ही ठिकाणी शून्य असणे चांगले. आकडा दिसला आणि तो आठवड्यागणिक वाढत असेल तर त्या डिस्कवर धंद्याचा हिशेब ठेवू नये. सी७ चा आकडा वाढत असेल, तर मात्र दोष बहुधा केबलचा असतो. अशा वेळी नवी डिस्क घेण्याआधी केबल बदलून पाहावी.

आता ‘ठीक’ या उत्तराची किंमत पाहू. डिस्क स्वतःला नापास ठरवते ती उत्पादक कंपनीने घातलेली मर्यादा ओलांडल्यावरच. त्याआधी बरेच नुकसान झालेले असू शकते. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवलेली नव्हती. उलट, तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळली. अर्थ सरळ आहे. सॉफ्टवेअरने धोका सांगितला तर तो खरा मानावा. धोका नाही असे सांगितले तर त्यावर विसंबू नये.

म्हणून आमचे म्हणणे असे की, संशय येताच आधी महत्त्वाच्या फाइलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि तपासणी नंतर करावी. सीगेटच्या सीटूल्ससारख्या सॉफ्टवेअरमधील दीर्घ चाचणी डिस्कचा प्रत्येक भाग वाचते. तिला कित्येक तास लागतात. आजारी डिस्कला हा ताण सोसेलच असे नाही. विंडोजमधील चेकडिस्कची दुरुस्तीही नक्कल घेण्यापूर्वी चालवू नये, कारण ती डिस्कवर फेरफार करते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कोणतीही चाचणी न करता संगणक बंद करावा आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्यावा. आवाज न करणारी एसएसडी घेतली म्हणूनही सुटका नाही. ती पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडू शकते.

आपल्याकडे खर्चाची सबब पुढे केली जाते. परंतु नवी डिस्क ही एकदाच करायची खरेदी आहे. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून घेण्याचा खर्च तिच्या कितीतरी पट होऊ शकतो आणि यशाची खात्री नसते. गल्ल्यातील पैसे रोज मोजणाऱ्या व्यापाऱ्याने हिशेबाची नक्कल निदान आठवड्यातून एकदा घ्यावी, ती दुकानाबाहेर ठेवावी आणि अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. जी नक्कल कधी उघडून पाहिलेली नाही, तिचा भरवसा धरता येत नाही. तपासणीचे सॉफ्टवेअर उपयोगाचे आहेच, पण ते फक्त इशारा देते. माल वाचवण्याचे काम मालकालाच करावे लागते.