कटरचा कल कोणी ठरवायचा?

गेल्या सुट्टीत उद्यमबागेतील एका कारखान्यात पाच अक्षांच्या मिलिंग मशीनचा प्रोग्राम करण्याची संधी मला मिळाली. साच्याच्या वक्र भागासाठी गोल टोकाचा कटर मी सरळ उभाच ठेवला. सॉफ्टवेअरने सुचवलेली दिशा, म्हणून तशीच मान्य केली! साच्याचा तळ, जिथे तो जवळजवळ सपाट होता, तिथेच खरबरीत निघाला. फोरमन म्हणाले, "बाळ, टोकाच्या मध्याला वेगच नसतो. तिथे कटर कापत नाही, नुसता घासतो."

१० मि.मी. व्यासाचा हाच कटर १५ अंश कलवला, की सपाटीवर टेकणारा बिंदू अक्षापासून सुमारे १.३ मि.मी. दूर जातो आणि धार कापू लागते. मात्र कल देताना होल्डर कामाला आदळणार नाही, हेही पाहावे लागते.

हा हिशेब म्हणजे त्रिकोणमितीतली ज्या, दुसरे काय? पण ती आपण गुणांपुरती पाठ करतो. माझे स्पष्ट मत आहे की, प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने कटरचा कल आधी वहीत काढावा, त्याचे कारण लिहावे, मगच संगणकाला हात लावावा. मार्ग संगणक आखील. पण चुकलेल्या कामाचा जाब कोणी संगणकाला विचारीत नाही.