शिबिर म्हणजे दयेचा कार्यक्रम नव्हे

एप्रिल सरत आला की नागपूरच्या दक्षिणेकडील मनीषनगरसारख्या वसाहतींतून उन्हाळी शिबिरांच्या पाट्या झळकू लागतात. पोहणे, चित्रकला, नाट्य, सहल – सुट्टी सत्कारणी लावण्याचे सारे मार्ग तेथे मांडलेले असतात. पण या वसाहतींत आणि त्यांच्या कडेच्या वस्त्यांत अशीही मुले असतात, ज्यांचे नाव या शिबिरांच्या यादीत सहसा येत नाही. ती पहिल्या प्रकारच्या मधुमेहाने ग्रस्त आहेत. जबाबदारी नको म्हणून संयोजक कचरतात आणि भीतीपोटी आईबाप विचारायलाच जात नाहीत. मूल घरात राहते. सुट्टी इतरांची असते.

या आजाराविषयी आपल्या समाजात केवढे अज्ञान आहे! मुलाने गोड खाल्ले म्हणून तो होत नाही, की आईच्या लाडांमुळेही होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. मग बाहेरून इन्सुलिन घेणे हाच जगण्याचा एकमेव मार्ग उरतो. दिवसातून अनेकदा सुई टोचावी लागते, आणि ती आयुष्यभर. कोणा वैद्यबुवाच्या पुडीवर विसंबून इन्सुलिन बंद केले, तर काही दिवसांतच जिवावर बेतते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील अशी सुमारे २ लाख २९ हजार मुले होती. ही संख्या जगात सर्वाधिक होती.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात एका चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२५ साली, अमेरिकेतील मिशिगन राज्यात डॉ. लेनर्ड वेंट यांनी मधुमेही मुलांचे शिबिर भरवले. औषधाने मूल जगते, पण कसे जगावे हे त्याला औषध शिकवत नाही, ही गोष्ट तेव्हाच ध्यानात आली होती. खेळण्यापूर्वी साखर तपासावी, भाकरी किती खाणार त्यावर इन्सुलिनचे प्रमाण ठरवावे, घाम फुटून हात थरथरू लागले की लाज न बाळगता तात्काळ साखर तोंडात टाकावी – हे दवाखान्यातील दहा मिनिटांत शिकवता येत नाही. नागपूरचा मे महिना तर स्वतःच एक परीक्षक आहे. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा इन्सुलिनची कुपी खराब होण्याचा धोका वाढतो. ज्या घरात शीतपेटी नाही, तेथे ओल्या मातीच्या मडक्यात ती तुलनेने थंड कशी ठेवावी, हे मुलाने आणि त्याच्या आईने शिकून घेणे प्राणरक्षणाचे आहे.

आणि सर्वांत मोठा धडा कोणी शिकवत नसतो. तो आपोआप घडतो. शाळेत स्वच्छतागृहात लपून सुई घेणारी मुलगी जेव्हा पंगतीत बसलेल्या वीस मुलांना एकाच वेळी सुई घेताना पाहते, तेव्हा तिच्या मनातील अपराधाची भावना गळून पडते. लग्नाच्या बाजारात आजार लपवण्याचा सल्ला मिळणाऱ्या मुलींना तर या निर्भयतेची गरज सर्वांहून अधिक आहे.

नागपूरला हे काम परके नाही. डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली येथे ‘ड्रीम ट्रस्ट’ स्थापन केला आणि विदर्भातील गरीब मुलांपर्यंत मोफत इन्सुलिन पोहोचवण्याचे काम उभे केले. याच आजारासह वाढलेल्या तरुणींनी लहानांना शिकवावे, ही त्या कामातील कल्पना मोलाची आहे. उपदेशकापेक्षा समदुःखी अधिक विश्वासाचा ठरतो.

परंतु एका डॉक्टरच्या कळकळीवर आणि देणगीदारांच्या कृपेवर मुलांचे जगणे किती काळ टांगून ठेवायचे? संशोधकांनी इन्सुलिनच्या एकस्वाचे हक्क अवघ्या एकेका डॉलरला टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले, ते हे औषध सर्वांचे राहावे म्हणून. ते गरिबाच्या मुलापर्यंत पोहोचवणे हे लोककल्याणकारी म्हणवणाऱ्या राज्याचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे. केरळ शासनाने ‘मिठायी’ या योजनेतून अशा मुलांच्या उपचाराची जबाबदारी उचलली. महाराष्ट्राला हे अशक्य का वाटावे? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ साली या मुलांना शाळेत साखर तपासण्याची व इन्सुलिन घेण्याची मुभा असावी असे राज्यांना कळवले. पण परिपत्रकाने शिक्षकांची भीती जात नाही. ती प्रत्यक्ष पाहिल्याने जाते.

वेगळ्या शिबिराने ही मुले वेगळी पडतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. मात्र आठ दिवस आपल्यासारख्यांत राहून आलेले मूल पुढे कोणत्याही शिबिरात ताठ मानेने जाऊ शकते. वेगळे शिबिर हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे, वाटेवरचा थांबा आहे. सर्वसाधारण शिबिरांनी आपली दारे उघडली, तरच त्या थांब्याला अर्थ राहील.

यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. सुट्टीत महापालिकेच्या शाळा रिकाम्या असतात. शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मनीषनगरहून वर्धा मार्गाने गेले की मिहानमध्ये एम्स उभे आहे. परिचारिका, आहारतज्ज्ञ, विद्यार्थी यांची येथे वाण नाही. इन्सुलिन, स्ट्रिप आणि दोन वेळचे जेवण शासनाने द्यावे. गाणी, खेळ आणि माया शहर देईल. भरल्या वस्तीतील आणि झोपडपट्टीतील मूल तेथे एकाच पंगतीत बसावे. मनीषनगरच्या चौकात उन्हाळी शिबिराची पुढची पाटी लागेल, तेव्हा तिच्यावर एक ओळ अधिक असावी : इन्सुलिन घेणाऱ्या मुलांनीही अवश्य यावे.