जात्यावरची ती बाई आणि होमर

जॉन कीट्सने १८१६ साली होमरविषयी लिहिलेले सुनीत इंग्रजी वाङ्मयाच्या बहुतेक अध्यापकांनी कधी ना कधी वर्गात शिकविलेले असते. चौदा ओळींची बांधणी, उपमांचे सौंदर्य, आणि पनामाच्या डोंगरावरून पॅसिफिक महासागर न्याहाळणाऱ्याचे नाव बाल्बोआ असावयास हवे होते ते कवीने कोर्टेझ केले ही प्रसिद्ध चूक, एवढे सांगून झाले की तास संपतो. या सुनीताविषयी सांगावयाची खरी गोष्ट मात्र राहून जाते. कीट्सला ग्रीक येत नव्हते. त्याला जो होमर भेटला तो जॉर्ज चॅपमनने दोनशे वर्षांपूर्वी केलेल्या इंग्रजी भाषांतरातला होता. भाषांतर वाचून झालेल्या आनंदावर लिहिलेली कविता आम्ही अभिजात वाङ्मय म्हणून शिकवीत आलो आणि विद्यार्थ्यांना होमरचे भाषांतर वाचा असे मात्र कधी सांगितले नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? प्रस्तुत लेखकाने पिंपरी-चिंचवड परिसरातील एका महाविद्यालयात हे सुनीत वीसहून अधिक वर्षे शिकविले आणि त्या सर्व काळात होमरची शंभर पाने सलग वाचली नव्हती. मूळ ग्रीक येत नाही, मग भाषांतर वाचून काय साधणार, अशी एक सोयीस्कर समजूत मनाशी धरून ठेवलेली होती.

ती समजूत मोडली एका जुन्या विद्यार्थ्याने. मूळचा लातूरकडचा हा तरुण चाकणच्या एका कारखान्यात आहे. गेल्या पावसाळ्यात तो घरी आला तो 'ओडिसी'चे एमिली विल्सन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर घेऊन. रात्रपाळी करून तसाच आलेला होता. डोळे तांबारलेले होते. पुस्तकाच्या विसाव्या सर्गात बोट घालून ठेवले होते. ते पान माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "सर, ही बाई आमच्या थर्ड शिफ्टमधली आहे."

तो प्रसंग असा. वीस वर्षांनी स्वतःच्या घरी परतलेला ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात ओसरीवर पडून आहे. त्याच्या बायकोशी लग्न लावण्यासाठी जमलेले मागणीदार आत त्याच्याच गोठ्यातली जनावरे कापून मेजवान्या झोडीत आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर तुटून पडावयाचे आहे, म्हणून पहाटे तो झ्यूसकडे कौल मागतो. निरभ्र आकाशात गडगडाट होतो. तो आवाज घरातील एका दळणाऱ्या बाईच्या कानी पडतो. त्या घरात बारा बायका जात्यावर गहू आणि जव दळण्यासाठी लावलेल्या आहेत. अकराजणी आपापले दळण उरकून झोपी गेल्या आहेत. ही सर्वांत अशक्त, तिचे दळण अजून संपलेले नाही. जाते थांबवून ती देवाला म्हणते की, ज्यांच्यासाठी दळता दळता माझे गुडघे मोडले त्यांचे हे शेवटचे जेवण ठरो. ओडिसियसला हवा होता तो शकुन मिळाला, तो आनंदतो आणि काव्य पुढे जाते. त्या बाईला नाव नाही. ती पुन्हा काव्यात येत नाही. तिचे उरलेले दळण संपले की नाही, हेही होमर सांगत नाही.

आपल्या मुलखात हा प्रसंग वाचणाऱ्याला टीपेची गरज लागू नये. पिंपरी-चिंचवडला लागूनच मावळ आणि मुळशी हे तालुके आहेत. तेथील डोंगरी गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या दोन अभ्यासकांनी वर्षानुवर्षे फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे महाराष्ट्रभर पसरलेल्या त्या संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, सांगावयाला दुसरे कोणी नाही म्हणून जात्याला सांगितलेले दुःख त्या ओव्यांत आहे. विजेच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली; पण ज्यांच्या आया-आज्यांनी ते दळण केले तीच माणसे आज चाकण-भोसरीच्या यंत्रांपुढे उभी आहेत. शिवाय आपल्याकडे जनाबाई आहे. तिच्या जात्याशी प्रत्यक्ष विठ्ठल येऊन बसतो. होमरचा देव दुरून गडगडतो आणि आपला देव खुंटा हाती धरतो, हा भेद दोन संस्कृतींविषयी बरेच काही सांगणारा आहे. त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे.

आता प्रश्न भाषांतराचा. ही दळणारी बाई कोण आहे? इंग्रजीतील कित्येक जुन्या भाषांतरांत अशा बायकांना घरकाम करणाऱ्या मोलकरणी या अर्थाचा सौम्य शब्द वापरलेला आढळतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गुलाम स्त्री असा आहे, आणि होमर त्याविषयी मुळीच आडपडदा ठेवीत नाही. ओडिसियसची वृद्ध दाई युरिक्लीआ हिला त्याच्या बापाने वीस बैलांच्या किमतीला विकत घेतले, हे तो पहिल्याच सर्गात सांगतो. डुकरे राखणारा युमीअस हा तर एका राजाचा मुलगा. लहानपणी पळवून नेऊन विकलेला. विल्सन यांचे भाषांतर २०१७ साली प्रसिद्ध झाले. 'ओडिसी'चे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणारी ही पहिली स्त्री, एवढ्यावरच वृत्तपत्रांनी तेव्हा भर दिला. परंतु तिचे महत्त्व अधिक आहे ते तिने गुलामाला गुलाम म्हटले यात.

या निवडीचे मोल बाविसाव्या सर्गात कळते. मागणीदारांची कत्तल झाल्यावर घरातील पन्नास गुलाम स्त्रियांपैकी बारा जणींना, त्या मागणीदारांशी रत झाल्या म्हणून, मृत्यूची शिक्षा होते. आधी त्यांच्याकडूनच प्रेते उचलवून घेतली जातात, रक्ताने भरलेली आसने स्पंजाने पुसून घेतली जातात, आणि मग ओडिसियसचा मुलगा टेलेमाकस त्यांना अंगणात दोराने फाशी देतो. जाळ्यात सापडलेल्या पाखरांची उपमा होमरने तेथे दिली आहे. पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, एवढे तो सांगतो आणि थांबतो. काही नामवंत भाषांतरकारांनी याच जागी टेलेमाकसच्या तोंडी त्या बायकांना वेश्या ठरविणारे शब्द घातले आहेत. मूळ ग्रीकमध्ये तेथे केवळ 'त्या' एवढ्याच अर्थाचे स्त्रीलिंगी सर्वनाम आहे. म्हणजे शिवी होमरची नव्हती. ती विसाव्या शतकातील विद्वानांची होती. ज्यांना मालकाच्या घरात घुसलेल्या धटिंगणांना नाही म्हणण्याची सोय नव्हती त्यांच्या चारित्र्याचा हा निकाल भाषांतरकाराने परस्पर लावून टाकला आणि वाचकाने तो होमरचा म्हणून स्वीकारला. भाषांतर ही दुय्यम कला आहे असे म्हणणाऱ्यांनी या एका सर्वनामाचा विचार करावा.

मराठीत हे काव्य आणू पाहणाऱ्यापुढे हाच प्रश्न येईल. सहज सुचणारा शब्द 'दासी'. परंतु आपल्या कानात या शब्दाभोवती पुराणांचे आणि भक्तीचे वलय आहे. जनाबाई स्वतःला नामदेवांची दासी म्हणविते तेव्हा त्या शब्दात शरणागतीचे सुख असते. होमरच्या घरातील बारा बायकांना ते सुख चिकटविणे ही फसवणूक होईल. 'मोलकरीण' म्हणावे तर तिला मोल मिळते, या बायकांना मिळत नव्हते. मराठीत खरा शब्द आहे, आणि तो आपण विसरून बसलो आहोत: 'बटीक'. पेशवाईच्या कागदपत्रांत बटकी आणि कुणबिणी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. दळण-कांडण, घरकाम, कोठारातील काम त्यांच्याकडून करवून घेतले जाई. पुणे शहरात, येथून वीस-पंचवीस किलोमीटरवर, हे अठराव्या शतकात चालू होते. इंग्रज भाषांतरकाराला गुलामगिरी दाखविण्यासाठी समुद्रापार पाहावे लागते. मराठी भाषांतरकाराला आपले दप्तर उघडले तरी पुरे. होमरचे 'बटीक' असे भाषांतर वाचून काही वाचक दचकतील. त्यांनी दचकावे हेच योग्य.

मूळ ते मूळ, भाषांतर म्हणजे उष्टे, हा आक्षेप पिंपरी-चिंचवडकरांनी तरी घेऊ नये. इंद्रायणीकाठी आळंदीस ज्यांची समाधी आहे त्या ज्ञानेश्वरांनी शके १२१२, म्हणजे १२९० साली, गीतेचे सातशे श्लोक सुमारे नऊ हजार ओव्यांत मराठीत आणले. ते केवळ भाषांतर नव्हे, भाष्य आहे, हे मान्य. तरीही संस्कृत न येणाऱ्यांना ते हवे होते म्हणून ते झाले. पुढे तीनशे वर्षांत पाठ भ्रष्ट झाले तेव्हा १५८४ साली एकनाथांनी ते शुद्ध केले. आणि आज ती ज्ञानेश्वरी वाचावयाची तर आपणांस अर्थासहित छापलेली प्रत लागते. मराठीतून मराठीत आणण्याची ही गरज विंदा करंदीकरांनी ओळखली आणि 'अमृतानुभवा'चे अर्वाचीनीकरण १९८१ साली प्रसिद्ध केले. मूळ ग्रंथ आहे तसाच राहतो, वाचकाची भाषा मात्र पुढे सरकते. म्हणून भाषांतर दर पिढीला नवे लागते. पोपचे 'इलियड' अठराव्या शतकातील इंग्रज वाचकासाठी होते. ई. व्ही. र्‍यू यांनी आपल्या पत्नीला वाचून दाखविता दाखविता सुरू केलेले 'ओडिसी'चे गद्य भाषांतर १९४६ साली स्वस्त आवृत्तीत निघाले आणि त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या, कारण युद्धातून परतलेल्या सामान्य माणसाला समजेल अशी ती भाषा होती. चॅपमनचे इंग्रजी आज आमच्या विद्यार्थ्याच्या हाती दिले तर त्याला दोन परक्या भाषा ओलांडाव्या लागतील.

भाषांतरात बरेच काही हरवते, हे नाकारण्याचे कारण नाही. होमरचे वृत्त हरवते. त्याच्या ग्रीकमध्ये अनेक बोलींचे जे मिश्रण आहे ते हरवते. काव्याच्या पहिल्याच ओळीत नायकाला लाविलेले विशेषण घ्या: शब्दशः 'अनेक वळणांचा'. खूप भटकलेला असाही त्याचा अर्थ होतो आणि डावपेचांचा असाही. विल्सन यांनी 'गुंतागुंतीचा' अशा अर्थाचा शब्द योजून वाद ओढवून घेतला. मराठीत आपण धूर्त माणसाला 'पोचलेला' म्हणतो. दहा वर्षे घरी पोचू न शकलेल्या माणसाला 'पोचलेला' म्हणण्यात जी गंमत आहे ती इंग्रजीला लाभणार नाही, आणि ग्रीकलाही तिचा हेवा वाटावा. प्रत्येक भाषेत काही हरवते आणि काही पदरात पडते.

वृत्ताविषयीही आपण अगदीच निर्धन नाही. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील निरक्षर गायकांची गाणी टिपून घेतली आणि होमरमधील पुनःपुन्हा येणारी विशेषणे व ठराविक ओळी ही तोंडी रचना करणाऱ्याची हत्यारे आहेत, हे दाखवून दिले. ज्याने गोंधळ किंवा कीर्तन ऐकले आहे त्याला हे पटविण्यासाठी युगोस्लाव्हियाला जाण्याची गरज नव्हती. 'ओडिसी'च्या बारा हजारांवर ओळी श्लोकांत किंवा आर्येत बांधू गेल्यास यमकाच्या पायी अर्थ चिरडेल. ओवी लांबविता येते, आखडता येते, ती कथा वाहून नेऊ शकते, आणि मुख्य म्हणजे ती जात्यावरचीही आहे. विल्सन यांनी मूळच्या जितक्या ओळी तितक्याच आपल्या भाषांतरात राखल्या. तशी शिस्त ओवीला पाळता येईल की नाही हे कोणी करून पाहिल्यावाचून कळणार नाही. मात्र ते इंग्रजीवरून करू नये. इंग्रजीवरून केले तर शिव्याही त्यांच्याच येतील, हे वर दिसलेच. विद्यापीठांनी दोन-चार तरुणांना ग्रीक शिकविण्याचा खर्च सोसावा. आमचे विद्यार्थी कंपन्यांसाठी जर्मन आणि जपानी शिकतात, तेव्हा परकी भाषा अवघड हे कारण आता चालणार नाही.

तोवर आम्ही इंग्रजीवरच भागवितो आहोत. त्या विद्यार्थ्याच्या कारखान्याला गुरुवारी सुटी असते. त्या दिवशी संध्याकाळी निगडीला आमच्या घरी पाच-सहा जण जमतात: दोन शिक्षक, बँकेतील एक कारकून, बाकीचे कारखान्यातले. एकाने इंग्रजीतून मोठ्याने वाचावयाचे, अडेल तेथे मराठीत सांगावयाचे, आणि शब्दावरून भांडावयाचे, असा क्रम आहे. पहिल्या सर्गापासून सुरुवात केली होती, गेल्या आठवड्यात तेरावा झाला. झोपलेल्या ओडिसियसला परक्या खलाशांनी त्याच्याच बेटाच्या किनाऱ्यावर आणून ठेविले आहे. जागा झाल्यावर धुक्यामुळे त्याला आपला गाव ओळखू येत नाही, आणि हा पोचलेला गृहस्थ आधी काय करतो तर आपले सामान मोजतो. आमचा विद्यार्थी हसला आणि म्हणाला, दिवाळीला पहाटे गाडीतून उतरलो की बाह्यवळण रस्त्यामुळे मलाही गावचा फाटा सापडत नाही, आणि मीही आधी पिशव्या मोजतो. चौदाव्या सर्गात ओडिसियस युमीअसच्या खोपटात जातो. परंतु येत्या गुरुवारी त्या कारखान्यात सुटी रद्द करून काम ठेविले आहे. तेव्हा तो सर्ग त्याच्यावाचून सुरू करावयाचा की थांबावयाचे, हे अद्याप ठरलेले नाही.