‘तेही हसतात की!’

बोलीवरून, वंशावरून केलेल्या विनोदाला हरकत घेतली की उत्तर तयारच असतं : ‘अहो, ज्यांच्यावर केलाय तेही हसतात की!’

हसतात, हे खरं. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांनी नाटुकलं बसवलं. त्यात ‘गुरखा’ होता : शिट्टी, काठी आणि वाक्यावाक्याला ‘शाबजी’. मंडपात हशा पिकला. फाटकापाशी उभे असलेले आमचे नेपाळी वॉचमनही हसले. पण त्याआधी त्यांनी सेक्रेटरींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ज्याची नोकरी नि राहायची खोली आपल्या हातात, त्याच्या हसण्याला संमती म्हणायचं?

दुसरा युक्तिवाद असा की विनोदात सगळ्यांचीच टर उडते. ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी मालिकेतल्या अपू या भारतीय दुकानदाराबद्दल हेच म्हटलं गेलं. त्यातला गोरा होमरही मठ्ठच आहे ना! आहे. पण होमर पाहून गोरे असेच असतात, असं कुणी मानत नाही. पडद्यावर इतर गोरे ढिगाने होते. १९९०मध्ये अवतरलेला अपू मात्र बराच काळ जवळजवळ एकटा होता. त्याला आवाज देणारा हँक अझारिया भारतीय नव्हे. १९६८च्या ‘द पार्टी’त चेहरा रंगवून भारतीय झालेल्या पीटर सेलर्सवरून आपण तो आवाज घेतला, हे त्यानेच सांगितलंय. म्हणजे नकलेची नक्कल! २०१७मध्ये हरी कोंडाबोलूने यावर माहितीपट केला. हरी स्वतः विनोदवीर, त्या मालिकेचा चाहता. त्याला विनोद कळत नाही, असं कसं म्हणणार? पुढे मुलाच्या शाळेत अझारियाला सतरा वर्षांचा एक भारतीय वंशाचा मुलगा भेटला. त्याने मालिका कधीच पाहिली नव्हती, पण ‘अपू’ ही शिवी त्याला ठाऊक होती. २०२०मध्ये अझारियाने ती भूमिका सोडली, पुढच्या वर्षी माफीही मागितली.

अपूचा आपल्याला राग येतो, यायलाच हवा. पण ‘द पार्टी’ आला त्याच १९६८मध्ये ‘पडोसन’मधल्या मेहमूदच्या शेंडीवाल्या ‘मद्रासी’ गुरुजींना आपण डोक्यावर घेतलं. मीही घेतलं होतं.

म्हणून बोलीचा विनोदच नको, असं मी म्हणत नाही. नक्कल करा, पण माणूस पाहून करा. यंदा मुलांना मी सांगितलंय : गुरखा ठेवायचा असेल तर आधी आठ रात्री फाटकापाशी बसा. मध्यरात्री कोण कुठली सबब सांगत परततो, पाणी गेलं की कुठल्या मजल्यावरून पहिली हाक येते, आणि आपल्या साहेबलोकांच्या हिंदीला वॉचमन मनातल्या मनात किती हसतात, हे त्यांनाच विचारा. दोघं जण काल चहाचा थर्मास घेऊन गेलेत.