कायदा सर्वांसाठी, कर्ज गोऱ्यांसाठी

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या प्रत्येक सैनिकाला अमेरिकेने घर, शिक्षण आणि रोजगार यांचा आधार दिला, असे 'जी. आय. बिला'विषयी मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. यातील 'प्रत्येक' हा शब्द खोटा आहे.

२२ जून १९४४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी स्वाक्षरी केलेल्या या कायद्यात वर्णभेदाचा एकही शब्द नाही. बचाव करणारे नेमके तेथेच बोट ठेवतात: कायदा निर्दोष होता, दोष दक्षिणेतील काही पूर्वग्रहदूषित कारकुनांचा. हा बचाव टिकणारा नाही. पैसा वॉशिंग्टनचा, पण त्याच्या किल्ल्या राज्यांच्या आणि गावांच्या हाती, ही रचना अपघाताने झालेली नव्हती. विधेयक प्रतिनिधिगृहाच्या ज्या समितीतून गेले, तिचे अध्यक्ष मिसिसिपीचे जॉन रँकिन होते. उघड वर्णवर्चस्ववादी असलेल्या या गृहस्थांना बेकार कृष्णवर्णीय सैनिकाला आठवड्याला २० डॉलर, तेही ५२ आठवड्यांपर्यंत, मिळणार हेच सहन होत नव्हते. कारभार स्थानिक हातांतच राहावा, हा त्यांचा आग्रह होता आणि तो त्यांनी तडीस नेला.

पुढचे ओघानेच आले. केंद्र सरकार कर्जाची केवळ हमी देई. कर्ज द्यायचे की नाही, हे गावची बँक ठरवी. १९४७ साली मिसिसिपीतील १३ शहरांची पाहणी झाली. हमी मिळालेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या वाट्याला आली २. राज्याची जवळपास निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती, हे ध्यानात घेऊन तो आकडा पुन्हा वाचावा.

रोजगार कचेरीचा खाक्या याहून बेरकी. सैन्यात सुतारकाम वा यंत्रदुरुस्ती शिकून आलेल्या माणसापुढे हमालीची नोकरी ठेवायची. त्याने ती नाकारली की 'योग्य काम नाकारले' असा शेरा मारून बेकारभत्ताही बंद. कागदोपत्री सारे नियमानुसार! दाखल्यासाठी तालुक्याच्या कचेरीत खेटे घातलेल्यांना ही कला अपरिचित नसावी.

दोष केवळ दक्षिणेचा म्हणावा, तर न्यू यॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीच्या उपनगरांत या कायद्याखाली दिलेल्या सुमारे ६७,००० गृहकर्जांपैकी श्वेतेतरांना १०० देखील मिळाली नाहीत.

काहींना लाभ झाला, हेही खरे. नॉर्मंडीच्या मोहिमेत सेवा बजावलेले मेडगर एव्हर्स याच कायद्याच्या आधारे अल्कॉर्न महाविद्यालयात शिकले. ते महाविद्यालय कृष्णवर्णीयांसाठी वेगळे राखलेले होते. १९५४ साली त्यांनी मिसिसिपी विद्यापीठाच्या विधी शाखेकडे अर्ज केला. तो फेटाळण्यात आला.